कॅलासचा आवाज : खोट आणि झीज

दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दी लाम्मेरमूर’ या ऑपेराचे स्टुडिओतले ध्वनिमुद्रण मारिया कॅलासने दोनदा केले. पहिले १९५३ च्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये, दुसरे १९५९ च्या मार्चमध्ये लंडनला. दोन्ही वेळा वाद्यवृंदाचे संचालन तुल्लिओ सेराफिन यांचे. गायिका तीच, भूमिका तीच, संचालक तेच आणि मधे सहा वर्षे. एखाद्या आवाजाचे पुढे काय झाले हे तपासायला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो. ही दोन मुद्रणे मी कित्येक वर्षे एकापाठोपाठ एक लावून ऐकत आलो आहे. (लुचियाच्या वेडाचा प्रवेश सुरू झाला की घरातली मंडळी आपापल्या खोलीची दारे लावून घेतात, हेही सांगून टाकतो.)

मनाविरुद्ध लग्न लावून दिलेली लुचिया पहिल्याच रात्री नवऱ्याचा खून करते आणि रक्ताळलेल्या कपड्यांनी पाहुण्यांसमोर येते. तिच्या डोळ्यांपुढे मात्र प्रियकराशी होणारे लग्न आहे. या प्रवेशाच्या शेवटी गायिका तारसप्तकातला एक अवघड स्वर लावते. दोनिझेत्तीने तो लिहिलेला नाही. प्रथेने आला आणि मग श्रोत्यांनी हक्काने मागायला सुरुवात केली. १९५३ मध्ये कॅलास तो स्वर धरते आणि तो उभा राहतो. १९५९ मध्ये तोच स्वर डळमळतो, कडेला फाटतो आणि ऐकणारा अंग चोरून घेतो.

आता एक तारीख. जहाजमालक अरिस्टॉटल ऑनासिस यांच्या ‘क्रिस्टिना’ या नौकेवरची ती सुप्रसिद्ध सफर १९५९ च्या जुलैमधली आहे. म्हणजे लंडनच्या मुद्रणानंतरची. कॅलास प्रेमात पडली, गाणे सोडून बसली आणि आवाज गमावला, ही गोष्ट ज्यांना प्रिय आहे त्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. आवाज आधीच उतरणीला लागला होता.

गोष्टी मात्र टिकतात. कॅलासवर आलेली बहुतेक चरित्रे, नाटके, २०२४ चा पाब्लो लारेन यांचा चित्रपटसुद्धा, तिच्या अखेरच्या एकाकीपणाकडे ओढली जातात. कारण उघड आहे. श्रीमंत प्रियकर, त्याने १९६८ मध्ये जॅकलीन केनेडींशी केलेले लग्न, पॅरिसमधले बंद घर, त्रेपन्नाव्या वर्षी आलेला मृत्यू. एवढे आयते नाट्य हाती असताना स्वरलिपी उघडून बसायची तसदी कोण घेणार? पण गायिकेचे चरित्र तिच्या गाण्याला वळसा घालून लिहिता येत नाही, असे माझे मत आहे. आणि गाण्याकडे वळले की लक्षात येते, कॅलासच्या आवाजाबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत केली जाते. एक, त्या आवाजातली मुळातली खोट. दुसरी, पुढे झालेली झीज. विरोधक झिजेचे दाखले देऊन म्हणतात, आवाज पहिल्यापासूनच वाईट होता. भक्त खोटीचे समर्थन करता करता झिजेलाही अभिनय ठरवतात. दोघांचे चुकते ते इथेच.

प्रथम खोट. सोप्रानो म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच पट्टीचा आवाज. तो खालपासून वरपर्यंत एकजिनसी असावा, कुठे सांधा दिसू नये, अशी विसाव्या शतकातल्या श्रोत्यांची अपेक्षा. रेनाता तेबाल्दीचा आवाज तसा होता : साईसारखा, कुठूनही घ्या सारखाच. नुसता आवाज ऐकायचा असेल त्या संध्याकाळी मीही तेबाल्दीच लावतो. कॅलासचा आवाज असा नव्हता. खाली छातीतून येणारा गडद, जवळजवळ पुरुषी खर्ज. मधल्या भागात घशात अडकल्यासारखा, बाटलीतून यावा तसा झाकलेला नाद. आणि वर धारदार, पोलादी टोक. तीन खोल्यांचे घर, आणि दारे करकरणारी. कॅलासला आपले स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकणे नकोसे वाटे, हे तिनेच मुलाखतींतून सांगितले आहे.

आपल्याकडे ‘गळा गोड आहे’ ही गायिकेला मिळणारी पहिली दाद. त्या सवयीने कॅलास ऐकायला घेतली तर पहिल्या दहा मिनिटांत माणूस रेकॉर्ड थांबवतो. मराठी श्रोत्याची आणखी एक अडचण आहे. संगीत नाटकाच्या परंपरेत पद सुरू झाले की नाटक बाजूला उभे राहते. पद संपेपर्यंत, आणि टाळ्या पडल्या तर पुन्हा पद संपेपर्यंत, पात्रे वाट पाहतात. ऑपेरातही हे होत आले आहे. १९५५ मध्ये कारायान यांच्या संचालनाखाली बर्लिनला ‘लुचिया’चा प्रयोग झाला, त्यात दुसऱ्या अंकातले सहा जणांचे समूहगान लोकांनी चक्क पुन्हा गाऊन घेतले. वन्स मोअर ही काही फक्त आपली मिरासदारी नाही! पण कॅलासचे वैशिष्ट्य असे की तिच्या गाण्यात नाटक बाजूला होत नाही. गाणे हीच घटना असते. त्यासाठी तिला एकच गोड आवाज पुरला नसता.

हे नुसते माझे म्हणणे नाही. ज्या भूमिकांनी ती मोठी झाली त्यांच्या इतिहासातच ते आहे. बेल्लिनीची ‘नॉर्मा’ १८३१ च्या २६ डिसेंबरला मिलानच्या ला स्कालामध्ये प्रथम झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याची ‘ला सोनांबुला’. त्याच्या आदल्या डिसेंबरात दोनिझेत्तीची ‘आन्ना बोलेना’. तिन्हींची नायिका एकच होती : ज्युदित्ता पास्ता. आणि या तिन्ही भूमिका कॅलासच्या कारकिर्दीचे खांब आहेत. ‘नॉर्मा’ तर तिने इतर कोणत्याही भूमिकेपेक्षा अधिक वेळा, ऐंशीहून जास्त प्रयोगांत गायिली.

ही पास्ता कशी गात असे? तिचे मुद्रण असणे शक्य नाही. पण तिला ऐकलेल्या लोकांनी लिहून ठेवले आहे. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल रोसिनीवरच्या आपल्या १८२४ च्या पुस्तकात तिच्यावर एक आख्खे प्रकरण खर्ची घालतो, आणि सांगतो काय, तर तिचा आवाज एकाच धातूतून ओतलेला नाही. त्यात वेगवेगळे नाद आहेत, आणि त्या वेगळेपणातूनच ती भावना उभी करते. स्तांदालला हा दोष वाटत नाही. त्याला ती संपत्ती वाटते. इंग्रज समीक्षक चोर्ली पास्ताच्या आवाजातल्या खडबडीची, काबूत न येणाऱ्या स्वरांची तक्रार करतो आणि तरीही तिला पहिल्या आसनावर बसवतो.

म्हणजे बेल्लिनी आणि दोनिझेत्ती यांच्या कानांत या भूमिका लिहिताना जो आवाज होता तो सांधे दिसणारा होता. नॉर्मा ही देवीची पुजारीण, शत्रूच्या सेनापतीची गुप्त प्रेयसी, दोन मुलांची आई आणि सूडाने पेटलेली स्त्री. चंद्राला उद्देशून केलेली पहिली प्रार्थना आणि झोपलेल्या मुलांवर सुरी उगारण्याचा दुसऱ्या अंकातला प्रवेश एकाच मुलायम नादात गाता येईल, पण मग ती दोन गाणी होतील, एक बाई होणार नाही. पुढच्या शंभर वर्षांत आवाज एकजिनसी करण्याची शिस्त पक्की झाली आणि या भूमिका एक तर कपाटात गेल्या किंवा पक्ष्यासारख्या किलबिलणाऱ्या हलक्या गळ्यांच्या स्वाधीन झाल्या. लुचियाला तर कसरतपटू करून टाकले होते. कॅलासने त्या भूमिकांना त्यांचे वजन परत दिले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १९५२ च्या नोव्हेंबरात ती नॉर्मा गायली, तेव्हा दासी क्लोतिल्देच्या किरकोळ भूमिकेत एक तरुण ऑस्ट्रेलियन गायिका उभी होती : जोन सदरलंड. पुढची तीन दशके हे सारे संगीत जिने जगभर गायिले ती सदरलंड पायवाट कुणी पाडली हे पंखाआडून, फार जवळून पाहत होती.

हे घडले कसे, याचे उत्तर अथेन्समध्ये आहे, आणि अथेन्सकडे दुर्लक्ष झाले म्हणूनच झिजेचा हिशेबही चुकत गेला. कॅलासचा जन्म न्यूयॉर्कचा, २ डिसेंबर १९२३. वडील औषधविक्रेते, ‘कालोगेरोपुलोस’ हे लांबलचक आडनाव त्यांनी अमेरिकेत छाटून ‘कॅलास’ केले. आईवडिलांचे बिनसल्यावर १९३७ मध्ये आई मुलींना घेऊन अथेन्सला परतली. मारिया तेरा वर्षांची होती. वय कमी पडेल म्हणून ते वाढवून सांगून तिला संगीतशाळेत घातले गेले. पहिल्या गुरू मारिया त्रिवेल्ला. मग स्पेनच्या एल्व्हिरा दे हिदाल्गो.

हिदाल्गोबाई स्वतः चपळ, हलक्या तानांच्या गायिका. त्यांच्याकडे आलेली मुलगी जाड भिंगांचा चष्मा लावणारी, अंगाने स्थूल आणि आवाजाने त्याहून जड. दुसऱ्या कुणी तिला सरळ व्हाग्नरच्या वाटेला लावले असते. बाईंनी उलटे केले. जड आवाजाला हलक्या आवाजाचे पाठ दिले : भरभर चढउतार, कंप, अलंकार, जुन्या इटालियन बेल कांतो पद्धतीचा सगळा रियाज. कॅलास नंतर सांगत असे की ती सकाळी दहाला शाळेत जायची आणि संध्याकाळी बाईंबरोबरच निघायची. मधल्या वेळात इतर सगळ्या विद्यार्थ्यांचे धडे ऐकत बसायची. हत्तीला वेगाने वळायला शिकवावे तसे हे शिक्षण. आवाज जडच राहिला, पण त्याला हव्या त्या क्षणी हलता येऊ लागले. १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये जे घडले ते दंतकथेसारखे सांगतात. ती व्हाग्नरच्या ‘वाल्क्यूर’मधली ब्रुनहिल्डे गात होती, ‘पुरितानी’मधल्या एल्व्हिराची नेहमीची गायिका आजारी पडली आणि सेराफिन यांनी कॅलासला उभे केले. आठवड्याच्या आत तिने भूमिका पाठ केली आणि त्याच महिन्यात एक अतिजड आणि एक अतिचपळ अशा दोन्ही भूमिका त्याच रंगमंचावर गायली. सगळे थक्क झाले. अथेन्समधली ती वर्षे ठाऊक असलेला माणूस कदाचित एवढा थक्क झाला नसता.

आता हिशेब. बहुतेक पुस्तके कारकिर्दीचा आरंभ व्हेरोनाच्या प्राचीन उघड्या रंगमंडलात झालेल्या ‘ला जिओकोन्दा’पासून, ऑगस्ट १९४७ पासून धरतात. तिथून मोजले तर १९५९ पर्यंत बारा वर्षे होतात, आणि मग प्रश्न पडतो : बाराच वर्षांत आवाज कसा गेला? मग कारणांचा शोध, ऑनासिस, आहार, स्वभाव. पण ग्रीक अभ्यासक निकोलस पेत्सालिस-दिओमिदिस यांनी तिच्या ग्रीसमधल्या वर्षांवर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, तो वाचल्यावर व्हेरोनाचा आरंभ धरताच येत नाही. १९३९ च्या वसंतात, पंधराव्या वर्षी, ती विद्यार्थ्यांच्या प्रयोगात सान्तुझ्झा गायली. सान्तुझ्झा म्हणजे प्रौढ गळ्यालाही दमवणारी भूमिका. १९४२ च्या उन्हाळ्यात, अठराव्या वर्षी, ‘तोस्का’. १९४४ मध्ये ‘तीफलांड’, आणि त्याच उन्हाळ्यात हेरोडस अ‍ॅटिकसच्या प्राचीन उघड्या रंगमंचावर बेथोव्हनचे ‘फिदेलिओ’. बाहेर जर्मन आणि इटालियन सैन्याचा अंमल. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरत होती. त्या शहरात, त्या अन्नावर, एक अपक्व गळा पक्व गायिकांच्या भूमिका पेलत होता.

त्यात इटलीतली पहिली वर्षे मिळवा. १९४७ ते १९५१ या काळात तुरांदोत, इसोल्दे, आयदा, ब्रुनहिल्डे, कुंद्री, ‘नाबुक्को’मधली अबिगाइल्ले. अबिगाइल्ले ही भूमिका गळ्यांची वैरीण म्हणूनच ओळखली जाते. १९४९ च्या डिसेंबरात नेपल्सला कॅलासने ती गायिली. त्या प्रयोगाचे ओबडधोबड मुद्रण उपलब्ध आहे. त्यात ती तारस्वरातून दोन सप्तके खाली अशी उडी घेते की अंगावर काटा येतो. आनंदाचा, आणि मागाहून काळजीचाही. हे रोज करून चालत नाही. तिने ते जवळजवळ रोज केले. व्हेरोनाऐवजी अथेन्सपासून मोजले तर १९५९ मधला आवाज वीस वर्षे वापरलेला आवाज आहे, आणि वापर कसला, तर नांगरटीचा. मग गूढ फारसे उरत नाही.

वजनाचे काय? १९५३-५४ मध्ये तिने तीस किलोंहून अधिक वजन उतरवले, आणि रंगमंचावर एकदम हरिणीसारखी बाई अवतरली. त्यामुळे श्वासाचा आधार कमी झाला असावा, असे म्हणणाऱ्यांना मी मोडीत काढत नाही. १९५४ च्या ऑगस्टमध्ये मुद्रित झालेल्या व्हेर्दीच्या ‘ला फोर्झा देल देस्तिनो’मध्ये वरच्या लांब स्वरांत हेलकावा स्पष्ट ऐकू येतो. तिने स्वतः नंतर सांगितले ते असे की आवाज गेला नाही, श्वासपटलाचे बळ गेले, आणि बळ गेल्यावर धीर गेला. या सांगण्याला मी ऑनासिसच्या सगळ्या किश्श्यांपेक्षा जास्त किंमत देतो, कारण ते एका कारागिराचे आपल्या हत्याराबद्दलचे बोलणे आहे. पण बारीक झाली नसती तर १९५५ ची व्हिस्कोन्ती आणि जुलिनी यांची ला स्कालामधली ‘ला त्राव्हियाता’ही झाली नसती. तेव्हा हे नुकसान कुठल्या खात्यात टाकायचे?

‘त्राव्हियाता’वर थोडे थांबतो, कारण खोट आणि झीज यांची सीमारेषा तिथे सर्वांत नाजूक आहे. लिस्बनला २७ मार्च १९५८ रोजी झालेल्या प्रयोगाचे मुद्रण मिळते. दुसऱ्या अंकात प्रियकराचा बाप जर्मों व्हिओलेत्ताकडे येतो. माझ्या मुलीचे लग्न तुझ्यामुळे अडले आहे, माझ्या मुलाला सोड. ती वाद घालते, विनवते, आणि मग एका क्षणी हरते. त्या मुलीला निरोप सांगा, अशी तिची ओळ सुरू होण्याआधी व्हेर्दीने एक लांब स्वर ठेवला आहे. कॅलास तो स्वर इतका हलका लावते की वाद्यवृंदही श्वास रोखतो. आवाज मध्यातला, तोच झाकलेला, बाटलीतला. त्यावर गोडवा नाही. एक बाई आतून रिकामी होत असल्याचा तो नाद आहे. तेबाल्दीच्या साईसारख्या सुरात ही ओळ सुंदर वाटते. कॅलासच्या घोगऱ्या सुरात ती घडते. ही खोट, आणि ही संपत्ती.

त्याच प्रयोगाचा शेवटचा अंक. क्षयाने खंगलेली व्हिओलेत्ता आरशात पाहून गतकाळाचा निरोप घेते. गाण्याच्या अखेरच्या उंच स्वरावर व्हेर्दीने सूचना लिहिली आहे : आवाजाच्या एका धाग्यावर. कॅलास धागाच लावते, आणि तो आता तुटतो की मग, असे होते. त्या वर्षी लंडनलाही तिच्या या स्वरावरून वाद झाले. मुद्दाम केले की गळ्याने दगा दिला? माझे उत्तर काही लोकांना रुचणार नाही : दोन्ही. सुदृढ, मोठा स्वर लावणे तिला त्या संध्याकाळीही जमले असते, पण संहितेने तो मागितलेला नाही. ती धाग्यावर गेली हा निर्णय. धागा थरथरला ही झीज. मोठेपण निर्णयात आहे. थरथरीची आरती ओवाळण्याचे कारण नाही.

कॅलासचा कान संहितेवर किती घट्ट होता, हे कळायला दे साबाता यांच्या संचालनाखालची १९५३ ची ‘तोस्का’ ऐकावी. स्कार्पिया हा रोमचा क्रूर पोलीसप्रमुख. तोस्का त्याला भोसकते आणि प्रेताकडे पाहून, याच्यापुढे सगळे शहर कापत होते अशा अर्थाचे वाक्य उच्चारते. पुच्चिनीने ते खालच्या एकाच स्वरावर लिहिले आहे. अनेक गायिका इथे ओरडतात, काही हसतात. कॅलास लिहिलेलाच स्वर घेते, छातीच्या खर्जात, जवळजवळ बोलून. तिटकारा, थकवा, आश्चर्य, सगळे त्या एका स्वरात मावते. मी कुठल्या संगीतशाळेत गेलेलो नाही. पाश्चात्त्य स्वरलिपी पुस्तकांवरून, पेन्सिलीने रेघोट्या मारत शिकलो. त्यामुळे असेल कदाचित, पण स्वरलिपी समोर ठेवून कॅलास ऐकताना एक गोष्ट मला विशेष जाणवली. जिथे ती ‘अभिनय’ करते असे वाटते, तिथे बहुतेक वेळा ती फक्त छापलेले पाळत असते : विराम पूर्ण लांबीचा, ठिपक्याचा स्वर ठिपक्याएवढा, दोन शब्दांमधला श्वास जिथे अर्थ तुटत नाही तिथे. सेराफिन यांच्याकडून हे शिकल्याचे ती सांगे : रंगमंचावर काय करायचे ते संगीतकाराने संगीतातच ठरवून ठेवलेले असते, ते ऐकायचे.

तिच्या तापटपणाबद्दल फार लिहिले गेले, म्हणून थोडक्यात. १९५७ मध्ये एडिंबरा महोत्सवातून ती ‘पळाली’, असे वर्तमानपत्रांनी छापले. तिचा करार चार प्रयोगांचा होता, चारही तिने केले. पाचवा ला स्कालाने परस्पर जाहीर केला होता. (तो पाचवा गाऊन रेनाता स्कोत्तो एका रात्रीत प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाचे नुकसान झाले नाही.) २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये राष्ट्राध्यक्षांसमोर पहिल्या अंकानंतर तिने ‘नॉर्मा’ सोडली. घसा बसला होता. पुरुष गायक आजारी पडला तर तो आजारी असतो, कॅलास आजारी पडली की ती उद्धट ठरे. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनच्या रुडॉल्फ बिंग यांनी तिचा करार मोडला, आणि डलासमध्ये ती ‘मेदेआ’ गायली, अंगात आल्यासारखी.

१९५९ नंतरच्या कॅलासचे काय करायचे? भक्तांशी माझे भांडण इथे आहे. १९६० ची स्टुडिओतली ‘नॉर्मा’ १९५४ च्या ‘नॉर्मा’पेक्षा खोल आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. अर्धे खरे. मुलांच्या प्रवेशातले बोलगाणे, बापाकडे केलेली शेवटची याचना, ही १९६० मध्ये अधिक हळवी आहेत. पण चंद्राच्या प्रार्थनेतली लांब, न तुटणारी ओळ आता तुटते, आणि बेल्लिनीच्या बाबतीत ओळ तुटणे ही लहान गोष्ट नाही. बेल्लिनी म्हणजेच ती ओळ. उलट १९६४ ची ‘कार्मेन’, जी तिने रंगमंचावर कधीच केली नाही, मला शेवटच्या काळातली सर्वांत प्रामाणिक कामगिरी वाटते. भूमिका खालच्या पट्टीची. झिजलेले टोक तिला वापरावे लागत नाही आणि मूळची खोट, तो गडद खर्ज, पुरेपूर कामाला येतो. ५ जुलै १९६५ ला कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘तोस्का’ गाऊन तिने ऑपेराचा रंगमंच सोडला. १९७३-७४ मध्ये दी स्तेफानोबरोबर जगभर जे जलसे केले, त्यांची मुद्रणे मी एकदा ऐकली. ती वाजवून तिचे मूल्यमापन करू नये, आणि त्यांना थोरही म्हणू नये.

पास्ताच्या बाबतीतही असेच झाले होते. तिचा सूर फार लवकर घसरू लागला. १८५० मध्ये, आवाज पुरता मोडल्यावर, ती लंडनमध्ये ‘आन्ना बोलेना’चे प्रवेश गायला उभी राहिली. प्रेक्षकांत पोलिन व्हियार्दो होती, स्वतः थोर गायिका. चोर्लीने नोंदवले आहे की व्हियार्दोने त्या गाण्याची तुलना लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’शी केली : चित्राचे पोपडे उडाले आहेत, पण जगातले सर्वांत मोठे चित्र तेच. मला या नोंदीतला पहिला भाग दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पोपडे उडाले आहेत हे ती लपवत नाही.

कॅलासने १९६६ मध्ये अमेरिकन नागरिकत्व सोडून ग्रीक नागरिकत्व घेतले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ती पॅरिसमध्ये वारली आणि १९७९ मध्ये तिची रक्षा एजियन समुद्रात सोडली गेली. हे सगळे चित्रपटांना ठाऊक आहे. त्यांना फारसे न सापडलेले एक साधन मात्र सहज मिळते : १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संस्थेत तिने तरुण गायकांचे जे वर्ग घेतले त्यांचे ध्वनिमुद्रण. या वर्गांवरून पुढे एक गाजलेले नाटक झाले, त्यातली कॅलास विद्यार्थ्यांना फाडून खाते. मुद्रणातली बाई तशी नाही. ती मास्तरीण आहे, हिदाल्गोबाईंची विद्यार्थिनी शोभेल अशी. आवाज शांत, इंग्रजी न्यूयॉर्कचे, किंचित परके झालेले. हा स्वर पूर्ण लांबीचा घ्या. इथे श्वास नको. शब्द आधी म्हणून दाखवा. अश्रू आणू नका, ते संगीतात आहेत.

एका वर्गात एक बॅरिटोन ‘रिगोलेत्तो’मधला प्रवेश घेऊन येतो. विदूषक रिगोलेत्तोची मुलगी दरबाऱ्यांनी पळवली आहे. तो आधी त्यांच्यावर भुंकतो, मग दाराशी झगडतो, मग रडत गयावया करतो. पुरुषाची भूमिका, पुरुषाच्या पट्टीतली. कॅलास समजावता समजावता स्वतःच गाऊ लागते. वरचे स्वर तिला इथे लागतच नाहीत. उरलेला सगळा आवाज म्हणजे तो खालचा, काळा, खडबडीत खर्ज, ज्याला लोकांनी आयुष्यभर नावे ठेवली. शिवी आणि विनवणी यांच्यामध्ये व्हेर्दीने जी जागा सोडली आहे तिथे ती नेमकी थांबते, लिहिले आहे तेवढेच, आणि पुढच्या ओळीत बाप गुडघ्यांवर आलेला ऐकू येतो.